बागेतली मांजर आणि सेवेचा हिशेब



गेली दोन वर्षे मी आपल्या संकेतस्थळासाठी प्रवचनांचे हिंदीतून आणि इंग्रजीतून मराठी भाषांतर करण्याची सेवा करतो. दुसऱ्याने सांगितलेले आपल्या भाषेत नीट उतरवणे, एवढेच माझे काम. मागच्या महिन्यात अभ्यासवर्गात सेवेवर चर्चा चालू असताना मी आमच्या परसात येणाऱ्या एका मांजरीची हकिकत सांगितली. वर्ग घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "हे लिहून काढ. आणि यातली तुझी चूकसुद्धा लिही. चूक गाळलीस तर लेखात काही उरणार नाही." म्हणून हा लेख. मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शास्त्राचा माझा अभ्यास थोडाच आहे. जे घडले आणि त्यातून जे समजले, ते मांडतो.

उत्तरायणानंतरची पाहुणी

आम्ही बडोद्याचे. पणजोबा नोकरीनिमित्त इकडे आले आणि घर इथलेच झाले. घरामागे लहानसा परस आहे. त्यात तुळशीवृंदावन, पारिजातक, कढीपत्ता आणि भिंतीला लागून एक आंबा. बडोद्यात उत्तरायण म्हणजे आकाशभर पतंग, आणि त्यानंतर कितीतरी दिवस झाडाझाडांत अडकलेला मांजा. पक्ष्यांचे पाय आणि पंख त्यात गुंततात, म्हणून आजी दरवर्षी मला काठी घेऊन आंब्याखाली उभे करते. गेल्या वर्षी असाच मांजा काढत असताना भिंतीवर एक राखाडी मांजर बसलेली दिसली. पोट आत गेलेले, नजर माझ्या काठीवर. मी काठी खाली ठेवली, तरी ती हलली नाही. एक पाऊल पुढे टाकले मात्र, क्षणात पलीकडे उतरून गेली.

आजीने तिचे नाव ठेवले भुरी. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बशीत दूध ठेवले. मी घरात गेल्यावर ती आली आणि पिऊन गेली. आठवड्याभराने मी दारात उभा असतानाही येऊ लागली. पुढे मी पायरीवर बसलो तरी तिला चालू लागले.

मांजराशी मैत्री करताना घाई चालत नाही, हे तेव्हा शिकलो. खाली बसावे, म्हणजे आपण तिला डोंगराएवढे वाटत नाही. टक लावून पाहू नये. मांजराच्या भाषेत ती धमकी असते. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच आवाज ठेवावा. तिच्याकडे पाहत डोळे अगदी सावकाश मिटावेत आणि सावकाश उघडावेत. ब्रिटनमधील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की, असे डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाजवळही मांजरे अधिक सहज येतात. पहिल्यांदा भुरीने मला तसेच उत्तर दिले, तेव्हा मला फार आनंद झाला. ध्यानाला बसताना आपल्याला काय सांगितले जाते? ठरलेली वेळ, ठरलेले आसन, आणि फळ ओढून आणण्याचा प्रयत्न नको. पायरीवर बसून मी नकळत तेच करत होतो.

पण त्याच वेळी दुसरेही काही चालू होते. मी तिचे फोटो काढून मोबाईलवर स्टेटसला ठेवत असे. मित्र लिहीत, "किती दयाळू आहेस!" बशी ठेवून झाली की मी आधी ते वाचत असे, आणि मला ते आवडू लागले होते.

चार दिवस रिकामी बशी

मार्च महिना. परीक्षा जवळ आली होती, आणि माझ्याकडे गीतेच्या सतराव्या अध्यायावरील एका प्रवचनाचे भाषांतर होते. या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. विसाव्या श्लोकात सात्त्विक दानाचे वर्णन करताना एक शब्द येतो, 'अनुपकारी'. ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही आणि ज्याच्याकडून त्याची अपेक्षाही नाही, असा. मी 'परतफेड करू न शकणारा' असे लिहिले. मनाला पटेना. विचार करत परसात गेलो.

भुरी दूध पीत होती. दोन महिने झाले होते. आता एवढा हक्क आपल्याला आहे, असे मला वाटले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती आखडली. तेव्हा हात काढायला हवा होता. मी तो काढला नाही, उलट दुसऱ्या हाताने तिला उचलायला गेलो. पुढच्या क्षणी माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत तीन लाल रेघा होत्या आणि भुरी भिंतीपलीकडे होती.

जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली, डॉक्टरांकडे गेलो, रेबीजची इंजेक्शने सुरू झाली. भटक्या मांजराचा ओरखडा लहान असला तरी हे सर्व करायलाच हवे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पण त्या रात्री मला आग होत होती ती हाताची कमी आणि मनाची जास्त. दोन महिने हिला खायला घालतो, आणि ही मला ओरबाडते?

दुसऱ्या दिवशी मी बशी ठेवली नाही.

ती आली. भिंतीवर बसली. अंधार पडेपर्यंत बसून गेली. तिसऱ्या दिवशीही आली, चौथ्या दिवशीही. माझे टेबल खिडकीशी आहे. तिथे बसून मी ते प्रवचन पुरे करत होतो. परतफेडीची अपेक्षा न ठेवता द्यावे, देणे हे कर्तव्य म्हणून द्यावे, अशी वाक्ये मी एकामागून एक मराठीत लिहीत होतो, आणि मान वर केली की ती दिसत होती. तरीही मी उठलो नाही. हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

चार दिवस असे गेले. चौथ्या संध्याकाळी आजीने विचारले, "काय रे, बशी कुठे गेली?"

"ती ओरबाडते, आजी."

"बरं मग? ती तुझं काही देणं लागत होती का?"

आजीने हे रागाने म्हटले नव्हते. ती वाती वळत होती आणि वाती वळतच राहिली. पण मी हिशेब शिकणारा मुलगा आहे. आमच्याकडे प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. एका खात्यात नावे टाकले की दुसऱ्या खात्यात जमा दाखवावेच लागते. माझ्या लक्षात आले की मी भुरीच्या नावाने खाते उघडले होते. रोजचे दूध तिच्या नावे टाकत होतो. वसुलीची तारीखसुद्धा मीच ठरवली होती, तिला न विचारता. आणि वसुली झाली नाही म्हणून मी पुरवठा बंद केला होता. यात व्यवहार होता. सेवा कुठेच नव्हती.

गीतेने आधीच सांगून ठेवलेले

सात्त्विक दानानंतरच्या एकविसाव्या श्लोकात राजस दानाचे वर्णन आहे. परत काही मिळावे म्हणून दिलेले, फळावर डोळा ठेवून दिलेले, किंवा मनात कुरकुर करत दिलेले, ते राजस. माझ्या बशीत हे तिन्ही होते. फोटोचे कौतुक हे फळ, तिने जवळ यावे ही परतफेड, आणि ओरखड्यानंतरची कुरकुर.

आमच्या घरात याच्या उलट उदाहरण रोज डोळ्यांसमोर होते. आजी जेवायला बसण्यापूर्वी गाईसाठी आणि कावळ्यासाठी घास बाजूला काढते. आपल्या परंपरेत गृहस्थाला जे पाच महायज्ञ सांगितले आहेत, त्यांतला भूतयज्ञ तो हाच. माणसाच्या घरात शिजलेल्या अन्नात इतर जिवांचाही वाटा आहे, ही त्यामागची समजूत. कावळ्याने आपल्या खांद्यावर येऊन बसावे अशी अपेक्षा आजीने कधी केली नाही. घास ठेवते, हात धुते आणि आत येते.

मी त्या संध्याकाळी बशी ठेवली. भुरी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. जवळजवळ दोन आठवडे ती दिसली नाही.

मार्जारन्याय

एप्रिलच्या सुरुवातीला, कडक उन्हाच्या दुपारी, ती भिंतीवर दिसली. तोंडात काहीतरी लोंबत होते. मला वाटले उंदीर. ते पिल्लू होते. मार्चमध्ये तिचे पोट भरलेले दिसे, तेव्हा माझ्या दुधाने तिने अंग धरले असे मला वाटले होते. ती गाभण होती, आणि रोज दोन हातांवरून पाहणाऱ्या मला ते कळले नव्हते. फोटो काढणे आणि पाहणे यांत किती अंतर आहे!

शेजारच्या गच्चीवरील टाकीमागे तिने पिल्ले घातली असावीत. तिथे ऊन लागू लागल्यावर ती त्यांना एकेक करून आमच्या अडगळीच्या खोलीत आणत होती. तीन खेपा झाल्या. मानेला धरून उचललेले पिल्लू कसे लोंबत राहते, हे त्या दिवशी मी प्रथम पाहिले. पाय आखडलेले, अंग सैल, कसलीही धडपड नाही.

तमिळनाडूतील श्रीवैष्णव संप्रदायात शरणागतीबद्दल दोन मते आहेत आणि दोन्हींना प्राण्यांची नावे आहेत. माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते; तसे जिवाने आपल्या प्रयत्नाने भगवंताला धरावे, हा मर्कटन्याय. मांजराचे पिल्लू काहीच धरत नाही, आईच त्याला उचलते. तसे जिवाने स्वतःला सर्वस्वी सोपवावे, हा मार्जारन्याय. वडगलै परंपरेचा ओढा पहिल्याकडे, तेंगलै परंपरेचा दुसऱ्याकडे. रामकृष्ण परमहंसही मांजराच्या पिल्लाचा हा दृष्टांत देत असत. मी या न्यायांचे भाषांतर पूर्वी केले होते. आमच्या भिंतीवरून तो न्याय चालत जाताना पाहिला, तेव्हा मला वेगळीच गोष्ट जाणवली. पिल्लाचे सोपवणे आपण नेहमी पाहतो. आईने काय केले हे कोण पाहतो? ती उपाशी होती, ऊन होते, आणि तिने तीन वेळा ती भिंत ओलांडली. पिल्लाने तिला त्याबद्दल काही दिले नाही. देण्यासारखे त्याच्याजवळ काहीच नव्हते.

तिसरे पिल्लू फार अशक्त होते. दोन दिवसांनी ते गेले. आजीने आणि मी त्याला पारिजातकाखाली पुरले. माझ्या त्या चार दिवसांमुळे ते गेले, असे मी म्हणू शकत नाही. अशक्त पिल्ले भरल्या पोटाच्या आईचीही जातात. पण त्यामुळे गेले नाही, असेही मला म्हणता येत नाही. हा प्रश्न मी कोणाला विचारून मिटवू शकत नाही. रोज बशी ठेवताना तो माझ्याजवळ असतो, आणि तो तसाच असू द्यावा असे मला वाटते.

उरलेल्या दोघांची नावे आजीने ठेवली, तीळ आणि गूळ.

देश, काल, पात्र

सात्त्विक दानात देश, काल आणि पात्र पाहावे असे गीता सांगते. आपण 'पात्र' शब्दाचा अर्थ बहुधा 'हा लायक आहे का' असा घेतो. भुरीने मला दुसरा अर्थ शिकवला. समोरच्याला खरोखर काय हवे आहे, हे समजून घेणे म्हणजे पात्र पाहणे. संत नामदेवांची गोष्ट आपण सर्व जाणतो. कुत्रा पोळी घेऊन पळाला तेव्हा ते त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडी पोळी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, ही काळजी त्यांना होती.

मी मात्र दूध देत होतो, कारण मांजर म्हणजे दूध हे चित्र माझ्या डोक्यात होते. पशुवैद्यांनी सांगितले की बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात. तुळशीमागे दिसणारी घाण त्यामुळेच होती. मांजराला रोज हवे असते ते स्वच्छ पाणी, आणि उन्हाळ्यात तर अन्नाइतकेच. आपल्या ताटातले उरलेले घालणेही धोक्याचे. कांदा-लसूण आपण साधनेसाठी टाळतो. मांजरासाठी ते खरोखर विष आहे. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर थोडीशीही तिचा जीव घेऊ शकते.

मग खायला काय द्यावे? इथे आमच्या घरात खरा पेच आला. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक पोषक द्रव्य तिला प्राणिज अन्नातूनच मिळते. ते न मिळाल्यास तिचे डोळे आणि हृदय बिघडते. दूध-पोळीवर किंवा दहीभातावर तिचे पोट भरते, शरीर चालत नाही. आमचे घर पूर्ण शाकाहारी. दुकानात मिळणाऱ्या मांजराच्या कोरड्या खाद्यात प्राणिज घटक असतात. ते पाकीट घरात आणायचे का?

मी आजीला भीत भीत विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एकादशी माझी आहे. तिची नाही."

पाकीट अडगळीच्या खोलीत राहते. भांडे वेगळे, ते बाहेरच्या नळावर धुतले जाते. हा विषय मी अभ्यासवर्गातही मांडला. सर्वांचे एकमत झाले नाही. एक ज्येष्ठ काका आजही म्हणतात की आपल्या हातून असे अन्न जाऊ नये, आणि त्यांच्या भूमिकेचा मी आदर करतो. केंद्राच्या आवाराचा नियम आहे आणि तो तसाच पाळला जातो; तिथे आम्ही फक्त पाण्याची भांडी ठेवतो, आणि ती भांडी तेच काका रोज भरतात. माझे मत एवढेच की व्रत हे स्वतःवर घ्यायचे असते. ज्या जिवाला ते घेण्याचे स्वातंत्र्य नाही आणि शरीरही नाही, त्याच्यावर ते लादले तर त्या व्रतात अहिंसा राहत नाही.

देश म्हणजे जागा. मी बशी तुळशीपासून हलवून आंब्यापलीकडच्या कोपऱ्यात नेली. आंब्यावर बुलबुल येतात, म्हणून पक्ष्यांचे पाणी तिथून काढून गच्चीवर उंच ठेवले. पोट भरलेले मांजरही शिकार करते. एकाला खाऊ घालताना दुसऱ्याला त्याच्या तोंडी देणे ही दया नव्हे. काल म्हणजे वेळ. रोज संध्याकाळी सात वाजता, वीस मिनिटांसाठी. नंतर उरलेले उचलून जागा धुऊन काढायची, म्हणजे मुंग्या, उंदीर आणि दुर्गंधी नाही.

दयेचा अवघड भाग

पिल्ले मोठी होऊ लागली आणि पशुवैद्यांनी पुढचे सांगितले. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. गर्भकाळ साधारण दोन महिन्यांचा. वर्षातून दोन-तीन वेळा पिल्ले होऊ शकतात, आणि रस्त्यावर त्यांतली बरीच वाचत नाहीत. नुसते खाऊ घालत राहिलो, तर पारिजातकाखाली मी आणखी किती खड्डे खणणार होतो?

शस्त्रक्रिया करावी का, याबद्दल माझ्या मनात द्वंद्व होते. निसर्गाच्या कामात हात घालण्याचा आपल्याला काय अधिकार? पण भुरी रानात राहत नाही. ती आपण बांधलेल्या भिंतींवर, आपल्या गाड्यांच्या चाकांखाली, आपल्या कचऱ्यावर जगते. तिच्या आयुष्यात आपण आधीच हात घातलेला आहे. मी बशी ठेवली त्या दिवशी तर मी नक्कीच घातला. आता अवघड भाग आला म्हणून हात काढून घेणे, याला वैराग्य म्हणता येणार नाही.

पिल्लांचे दूध सुटल्यावर, पावसाळ्याच्या सुरुवातीला, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या मदतीने पिंजरा लावला. भुरी खाद्याच्या वासाने आत गेली आणि दार पडले. तिने जो आवाज केला तो मी विसरणार नाही. जिने माझ्यावर थोडा विश्वास ठेवला होता, तिलाच मी फसवत होतो. आता ही पुन्हा येणार नाही, असे मी धरून चाललो. काम मात्र करायचे होते. तिची शस्त्रक्रिया झाली, रेबीजची लस दिली गेली, आणि पुन्हा कोणी पकडू नये म्हणून एका कानाचे टोक खुणेसाठी कापले गेले. काही दिवसांनी तिला त्याच परसात सोडले. ती मागे न पाहता भिंतीवरून गेली.

तेव्हा मला एक गोष्ट जाणवली. बशी ठेवण्यात मला आनंद मिळत होता. पिंजरा लावण्यात मला काहीच मिळाले नाही, ना फोटो, ना कौतुक, ना तिचे प्रेम. आणि दोन्हींत तिच्या खरोखर उपयोगाचे जास्त काय होते, हे सांगायला नको.

भिंतीपलीकडची माणसे

आमच्या शेजारी एक मासी राहतात. त्यांनी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरून भुरी चालत गेली आणि मोठे भांडण झाले. त्यातून गूळ काळा. तो आडवा गेला की मासी दारातून परत फिरत. मी आधी वाद घातला. भारताच्या संविधानात अनुच्छेद ५१क नुसार प्राणिमात्रांबद्दल दयाभाव बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, हेही ऐकवले. ते खरे आहे, पण त्याने मासींचे पापड परत आले नाहीत.

आजीने वेगळे केले. ती स्वतः पापड लाटून घेऊन गेली. मी त्यांच्या कुंड्यांवर जाळी बसवून दिली आणि आमच्या परसात मातीचा एक कोपरा मोकळा केला, म्हणजे मांजरांनी तिथे जावे. बोलता बोलता आजी मासींना म्हणाली की बाळाच्या सहाव्या दिवशी आपण जिची पूजा करतो त्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर मानतात. बंगालमध्ये तिच्या चित्रांतही मांजर दिसते. देवीचे वाहन आडवे गेले तर त्यात अपशकुन कसला? मासी काही बोलल्या नाहीत. आता गूळ आडवा गेला की त्या थांबतात, पण परत फिरत नाहीत. तेवढे पुरे आहे. मांजरावर दया आणि शेजाऱ्यावर राग, हे एका हृदयात फार काळ टिकत नाही. पतंजलींनी मैत्री आणि करुणा शेजारी शेजारी सांगितल्या आहेत, त्या अशाच कोणत्यातरी परसासाठी असाव्यात.

येणे नाही

भुरी सहाव्या दिवशी परत आली. सात वाजता, भिंतीवर. विश्वासाने आली की केवळ भुकेने, मला ठाऊक नाही, आणि आता ते जाणून घेण्याची गरजही वाटत नाही. तीळ केंद्रातील एका कुटुंबाकडे गेली. गूळ आणि भुरी येतात. अगदी लहानपणी, पहिल्या काही आठवड्यांत, माणसाचा हात न लागलेली मांजरे बहुधा आयुष्यभर अंतर राखतात. भुरी माझ्यापासून तीन हातांवर बसते. मी डोळे सावकाश मिटतो. कधी ती मिटते, कधी नाही. त्या ओरखड्यानंतर मी तिला हात लावलेला नाही.

मध्यंतरी मी संपादक मंडळाला विनंती करून त्या जुन्या भाषांतरात एक दुरुस्ती करून घेतली. 'परतफेड करू न शकणारा' हे चूक नव्हते, पण त्यात हिशेब शिल्लक राहत होता. जणू कर्ज आहे, फक्त बुडीत आहे. आता तिथे असे आहे: 'ज्याच्याकडून आपले काही येणे नाही, असा.'

मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या दारी अशी एखादी पाहुणी येत असेल. या आठवड्यात एक छोटा अभ्यास करून पाहू या. सात दिवस एका ठरलेल्या वेळी कोणत्याही एका जिवासाठी पाणी किंवा त्याला योग्य असे अन्न ठेवावे. फोटो काढू नये, कोणाला सांगू नये, हात लावू नये. जागा स्वतः धुवावी. आणि रात्री ध्यानाला बसण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आज मी जे दिले, त्याबद्दल कोणाकडून माझे काही येणे आहे का? मांजर, घरातली माणसे, गुरुबंधू, कोणाकडूनही? उत्तर 'हो' आले तर घाबरू नये. माझेही पुष्कळदा येते. ते येणे त्या रात्रीपुरते सोडून द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर बशी भरावी.

सर्व जिवांना अन्न मिळो, पाणी मिळो, निर्भय जागा मिळो. आणि देणाऱ्याला देऊन विसरण्याची बुद्धी मिळो, हीच गुरुचरणी प्रार्थना.